पाच डॉलरचे सदस्यत्व आणि मोटारीची किंमत: डेट्रॉइट, मे २००९

डेट्रॉइट शहराला लागून असलेल्या ओकलंड काउंटीत भाड्याच्या घरात राहणारे एक मराठी जोडपे २००९ च्या मे महिन्यात नवी मोटार घ्यायला निघाले. पती एका सल्लागार कंपनीतर्फे एका विमा कंपनीत संगणक प्रणालीचे काम करत होते आणि एच-वन-बी व्हिसावर होते. पत्नी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर असल्यामुळे त्या काळच्या नियमांनुसार त्यांना नोकरी करता येत नव्हती. अकरा वर्षांच्या जुन्या कोरोलाचा गिअरबॉक्स निकामी झाला होता आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडला होता. त्या उपनगरांत गाडीवाचून किराणादेखील आणता येत नाही, त्यामुळे थांबण्याची सोय नव्हती. हे कुटुंब नमुन्यादाखल रचले आहे आणि त्याच्या व्यवहारातील किमती, व्याजदर व पतगुणांक (क्रेडिट स्कोअर) हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल धरले आहेत. काळ, नियम, योजना आणि बाजाराची स्थिती मात्र जशी होती तशीच ठेवली आहे.

त्यांची पसंती शेव्हरोले मॅलिबूला होती. २००८ मध्ये उत्तर अमेरिकेतील वर्षाची सर्वोत्तम मोटार म्हणून तिची निवड झाली होती आणि जनरल मोटर्सच्या मोटारींविषयी नाक मुरडणाऱ्यांनीही ती चांगली असल्याचे मान्य केले होते. ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांना सुचवले की आधी एखाद्या क्रेडिट युनियनचे, म्हणजे सभासदांच्या मालकीच्या पतसंस्थेचे, सदस्य व्हा, म्हणजे पुरवठादारांच्या कर्मचाऱ्यांना मिळते त्या दराने गाडी मिळेल. प्रश्न असा होता की केवळ मोटारीवरील सवलतीसाठी एका अपरिचित वित्तसंस्थेचे सदस्य व्हावे का, आणि झाल्यास त्या सदस्यत्वाचा नेमका लाभ कोठे होईल.

सवलत कोठून आली

डेट्रॉइट परिसरात मोटारीला एकच किंमत कधीच नव्हती. काचेवर चिकटवलेल्या स्टिकरवरील किंमत बाहेरच्या माणसासाठी असे. कंपनीच्या कर्मचाऱ्यांना व त्यांच्या नातलगांना त्याहून बरीच कमी किंमत पडे, आणि सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी या दोहोंच्या मधला, पण स्टिकरपेक्षा इन्व्हॉइसला (विक्रेता कारखानदाराला मोजतो त्या किमतीला) जवळचा असा पुरवठादार दर ठरलेला असे. डेल्फाय, लिअर किंवा व्हिस्टिऑनमध्ये काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांना हा दर परिचयाचा होता. मंडळाच्या कार्यक्रमात नव्या गाडीचा विषय निघाला की ‘सप्लायर डिस्काउंट’ हे शब्द येतच. विमा कंपनीत काम करणाऱ्या माणसाला मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

हे दार बाहेरच्यांसाठी उघडले ते अडचणीमुळे. जनरल मोटर्सच्या गाड्यांना कर्ज देणारी जीएमएसी ही संस्था स्वतःच संकटात सापडली होती. ऑक्टोबर २००८ मध्ये तिने ७०० पेक्षा कमी पतगुणांक असलेल्यांना वाहनकर्ज देणे थांबवले आणि विक्रीला मोठा फटका बसला. डिसेंबरअखेर सरकारी मदत मिळाल्यावर ही मर्यादा ६२१ पर्यंत खाली आली. अमेरिकेत २००७ मध्ये सुमारे १ कोटी ६१ लाख नव्या मोटारी विकल्या गेल्या होत्या, त्या २००९ मध्ये १ कोटी ४ लाखांवर आल्या. गाड्या पडून होत्या, गिऱ्हाईक होते, पण मध्ये पैसा पुरवणारा कोणी नव्हता. क्रेडिट युनियनांकडे मात्र सभासदांच्या ठेवी होत्या, जोखमीच्या गृहकर्जांत त्यांपैकी बहुतेकींचे हात फारसे अडकलेले नव्हते, आणि वाहनकर्ज हा तर त्यांचा जुना, हातखंडा व्यवसाय होता. देशभरात अशा सात हजारांहून अधिक संस्था आणि सुमारे नऊ कोटी सभासद होते. मिशिगनमधील क्रेडिट युनियनांच्या महासंघाने जनरल मोटर्सशी बोलणी करून ‘इन्व्हेस्ट इन अमेरिका’ या नावाने जी योजना आखली, ती आधी मिशिगन व आसपासच्या राज्यांत आणि मग २००९ च्या आरंभी देशभर लागू झाली. त्यानुसार क्रेडिट युनियनच्या सभासदाला पुरवठादार दराने गाडी मिळू लागली. लवकरच क्रायस्लरही त्यात सामील झाली.

म्हणजे सवलत देणारी संस्था क्रेडिट युनियन नव्हती. सवलत कारखानदाराची होती आणि क्रेडिट युनियन ही ती कोणाला द्यायची हे ठरवण्याची चाळणी होती. जाहिरातीत हे दोन्ही एकाच वाक्यात येत असल्यामुळे ग्राहकाच्या मनात त्यांची सरमिसळ होते आणि पुढचा सगळा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

पतसंस्थेचा धसका

पतीने नाशिकला वडिलांना फोनवर ही कल्पना सांगितली, तेव्हा वडिलांनी साफ नकार दिला. क्रेडिट युनियन म्हणजे आपल्याकडची पगारदारांची पतसंस्था, एवढे त्यांना बरोबर समजले होते, आणि त्या सुमारास महाराष्ट्रात कितीतरी पतसंस्था अडचणीत येऊन ठेवीदार खेटे घालत होते. त्यांचेही निवृत्तीचे काही पैसे अशाच एका पतसंस्थेत अडकले होते. ‘बँकेत ठेव, पतसंस्थेच्या वाटेला जाऊ नकोस’ हा त्यांचा सल्ला अनुभवातून आला होता आणि त्यांच्या जागी तो योग्यच होता.

त्यातच २० मार्च २००९ रोजी यूएस सेंट्रल आणि वेस्कॉर्प या दोन मोठ्या संस्थांचा ताबा सरकारी नियामकाने घेतल्याची बातमी आली होती. नावापुढे क्रेडिट युनियन असल्यामुळे ही बातमी वाचणाऱ्याला धडकी भरणे साहजिक होते. या दोन्ही ‘कॉर्पोरेट’ प्रकारच्या संस्था होत्या, म्हणजे सामान्य माणसाशी व्यवहार न करता इतर क्रेडिट युनियनांचा पैसा सांभाळणाऱ्या; आपल्याकडे नागरी बँकांच्या किंवा पतसंस्थांच्या ठेवी जिल्हा मध्यवर्ती व राज्य सहकारी बँकेत असतात, त्या धर्तीवर. गृहकर्जांवर आधारित रोख्यांत त्यांनी पैसा गुंतवला होता आणि तो बुडीत निघाला. त्याची झळ पुढे सर्व क्रेडिट युनियनांना जादा वर्गणीच्या रूपाने बसली, पण खातेदाराच्या ठेवीला धोका पोहोचला नाही.

कारण दोन्हीकडच्या व्यवस्थेत एक मूलभूत फरक आहे. महाराष्ट्रातील पतसंस्थेच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही. ते बँकांना, अगदी सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थांना नाही. अमेरिकेत मात्र राष्ट्रीय क्रेडिट युनियन प्रशासनाच्या निधीतून प्रत्येक ठेवीदाराच्या अडीच लाख डॉलरपर्यंतच्या ठेवींना विमा असतो, बँकांच्या ठेवींना असतो तितकाच. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ही मर्यादा एक लाखावरून वाढवण्यात आली होती. शिवाय हे कुटुंब तेथे ठेव ठेवायला नव्हे, कर्ज घ्यायला चालले होते. संस्था बुडालीच असती तर कर्जदाराचे काय बिघडणार होते, हा प्रश्न पत्नीने विचारला आणि माझ्या मते साऱ्या चर्चेतील सर्वांत नेमका प्रश्न तोच होता.

वडिलांच्या अविश्वासाला इतिहासाची एक वेगळीच किनार आहे. बोस्टनमधील दुकानांचे मालक एडवर्ड फायलिन १९०७ मध्ये जगप्रवासाला निघाले असताना हिंदुस्थानात आले. सहकारी पतपेढ्यांचा कायदा येथे १९०४ मध्ये झाला होता, आणि बंगालमध्ये गोरले या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली चालणाऱ्या खेड्यांतील पतपेढ्या पाहून फायलिन प्रभावित झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी या चळवळीला पैसा आणि बळ दिले. कॅनडातील क्वेबेक प्रांतात अल्फॉन्स देजार्दँ यांनी १९०० मध्ये घातलेला पाया, त्यांच्याच साहाय्याने न्यू हँपशायरमधील मँचेस्टर येथे १९०८ मध्ये उघडलेली अमेरिकेतील पहिली क्रेडिट युनियन, १९०९ चा मॅसॅच्युसेट्सचा कायदा आणि १९३४ मध्ये रूझवेल्ट यांनी सही केलेला संघीय कायदा हे त्यापुढील व आजूबाजूचे टप्पे होत. नाशिकच्या गृहस्थांना जिची धास्ती वाटत होती त्या संस्थेच्या घडणीत हिंदुस्थानातील खेड्यांचाही वाटा होता, पण ही माहिती ऐकून ते विरघळले असतील असे वाटत नाही.

सदस्य कोणाला होता येते

पतीची दुसरी समजूत अशी होती की क्रेडिट युनियन ही कारखान्यातील कामगारांची असते. ती समजूत निराधार नव्हती. डिअरबॉर्नची डीएफसीयू मूळची फोर्डच्या कर्मचाऱ्यांची, तर नेव्ही फेडरल आजही सैन्यदलांशी नाते असणाऱ्यांपुरतीच आहे. सभासदांमध्ये काहीतरी समान बंध असला पाहिजे, हा या संस्थांचा पाया आहे. तो बंध एकाच मालकाकडील नोकरीचा असू शकतो, अनेक गटांचा मिळून असू शकतो किंवा एका भूभागात राहण्याचा असू शकतो. अनेक गट एकत्र घेण्याच्या विस्ताराला बँकांनी न्यायालयात आव्हान दिले होते आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी बँकांच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर सहाच महिन्यांत काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा करून अनेक गटांना एकत्र घेण्याची मुभा पुन्हा दिली.

ओकलंड काउंटीत राहणाऱ्या, काम करणाऱ्या, शिकणाऱ्या किंवा उपासनेसाठी जाणाऱ्या कोणालाही प्रवेश असलेली एक सामुदायिक क्रेडिट युनियन त्यांच्या घरापासून जवळ होती. वीजबिल, पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि पाच डॉलर एवढ्यावर काम झाले. हे पाच डॉलर प्रवेश फी नसून सभासदाचा भाग असतो आणि तो त्याच्याच बचत खात्यात राहतो. त्या भागासरशी वार्षिक सभेत एक मत मिळते. कोणाचे पाच डॉलर असोत की पन्नास हजार, मत एकच. ज्यांना असा सोपा बंध सापडत नाही, त्यांच्यासाठी आडवाट असते: कित्येक क्रेडिट युनियना एखाद्या धर्मादाय संस्थेला किंवा संघटनेला छोटीशी देणगी दिली की सदस्यत्व देतात. पेनफेड या क्रेडिट युनियनने तर पुढे हीही अट काढून टाकली.

येथे त्यांनी दोन गोष्टी आधी विचारून घेतल्या आणि त्या विचारायलाच हव्यात. पहिली, सदस्य करून घेताना पतअहवालात नोंद होणारी चौकशी केली जाते का. कारण काही संस्था तशी करतात आणि नव्याने पत उभारणाऱ्याचे गुण त्यामुळे थोडे उतरतात. दुसरी, सवलतीसाठी सदस्यत्व किती जुने असावे लागते. अशा योजनांत खरेदीपूर्वी अमुक इतका काळ सभासद असणे बंधनकारक असू शकते. उदाहरणार्थ, बीएमडब्ल्यूच्या मालकांच्या क्लबामार्फत मिळणाऱ्या लाभासाठी वर्षभराच्या सदस्यत्वाची अट घातलेली असे. शोरूममध्ये उभे राहून फोनवर सदस्य होऊ पाहणाऱ्याला ही अट अडवते.

क्रम चुकला तर त्याची दुरुस्तीही होत नाही. पहिल्या भेटीत विक्रेत्याने त्यांच्यापुढे खरेदीचा करारनामा सरकवला होता आणि ‘आवडली नाही तर तीन दिवसांत परत करता येईल’ असा त्यांचा समज होता. संघीय नियमातील तीन दिवसांची मुभा दारोदार फिरून केलेल्या विक्रीला लागू असते. विक्रेत्याच्या स्वतःच्या दुकानात सही करून घेतलेल्या मोटारीला ती लागू होत नाही. तेथे सही झाली असती तर दुसऱ्या दिवशी मिळालेल्या सदस्यत्वाने काहीच बदलले नसते.

दोन शोरूम, दोन किमती

मॅलिबूच्या स्टिकरवर वाहतूक खर्चासह २४,००० डॉलर होते. पहिल्या शोरूममध्ये विक्रेत्याने ‘खास तुमच्यासाठी’ ५०० कमी केले. सभासदत्वाचा पुरावा दाखवल्यावर पुरवठादार दराचा कागद बाहेर आला: २२,५०० डॉलर. शिवाय त्या महिन्यात कारखानदाराकडून कोणालाही मिळणारी १,५०० डॉलरची रोख सूट वेगळी, म्हणजे हिशेब २१,००० वर आला. दराचा कागद ठरलेला असल्यामुळे घासाघीस नाही, आणि ज्यांना घासाघीस जमत नाही किंवा ज्यांच्या उच्चारावरून विक्रेता त्यांना नवखे समजतो, अशांच्या दृष्टीने ही सवलतीची मोठी बाजू आहे. निश्चित किमतीमुळे माणसागणिक भाव बदलत नाही. हा लाभ हिशेबात धरता येत नाही, पण तो खरा आहे.

तरीही पत्नीने आणखी एक शोरूम पाहण्याचा आग्रह धरला. १५ मे रोजी जनरल मोटर्सने सुमारे १,१०० विक्रेत्यांना त्यांचे करार पुढे चालू राहणार नसल्याचे कळवले होते, आणि आदल्याच दिवशी क्रायस्लरने ७८९ विक्रेत्यांना तसे कळवले होते. जनरल मोटर्स दिवाळखोरीत जाणार हे आता गुपित राहिले नव्हते. अशा वेळी जो विक्रेता अंगणातील गाड्यांवर रोज व्याज भरतो, त्याला ठरलेल्या दराच्या कागदापेक्षा गाडी अंगणाबाहेर जाण्याची निकड अधिक असते. वीस मैलांवरील दुसऱ्या विक्रेत्याने जवळपास तशाच मॅलिबूसाठी, फक्त रंग वेगळा, कोणतेही सदस्यत्व न विचारता २२,३०० डॉलर सांगितले. रोख सूट तेथेही लागू होती. किंमत २०,८०० वर आली.

ज्या सवलतीसाठी क्रेडिट युनियनमध्ये नाव नोंदवले ती सवलत अशा रीतीने दोनशे डॉलरने हरली. यात फसवणूक कोणाचीच नव्हती. सभासदांचा दर ही या खरेदीत मोजावी लागणारी कमाल किंमत होती, किमान नव्हे. गाड्या भराभर खपत असताना तोच दर उत्तम ठरतो, कारण तेव्हा विक्रेता स्वतःहून खाली येत नाही. मंदीत विक्रेत्याची अडचण त्याहून स्वस्त पडू शकते. पहिल्या विक्रेत्याला दुसऱ्याचा भाव सांगून पाहिला, पण ठरलेल्या दराच्या खाली जायला तो तयार झाला नाही.

दुसऱ्या विक्रेत्याविषयी रास्त शंका एवढीच होती की त्याचे दुकान बंद पडले तर हमीचे काय. हमी कारखानदाराची असते, विक्रेत्याची नव्हे, आणि कोणत्याही अधिकृत विक्रेत्याकडे ती चालते. कारखानदारच बुडाला तर काय, याचे उत्तर ३० मार्च रोजी खुद्द राष्ट्राध्यक्षांनी दिले होते: जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांच्या त्या काळात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या हमीमागे सरकार उभे राहील. ही घोषणा नसती तर दोनशे डॉलरसाठी त्या शोरूमकडे वळण्याचा सल्ला मी दिला नसता.

कर्जाचा कागद

खरा फरक पडला तो पैशाच्या खोलीत, म्हणजे शोरूमच्या मागच्या बाजूला असलेल्या कर्ज व विम्याच्या कार्यालयात. पतीच्या नावावर दोनच वर्षांची क्रेडिट कार्डाची नोंद होती आणि गुणांक ६८४ होता. जीएमएसीच्या ऑक्टोबरमधील अटीत न बसणारा, डिसेंबरनंतरच्या अटीत बसणारा, पण सर्वांत स्वस्त दरासाठी अपुरा. तीन हजार डॉलर रोख भरून उरलेल्या १७,८०० डॉलरवर विक्रेत्याने पाच वर्षांसाठी साडेआठ टक्के दर सांगितला. कर आणि नोंदणीचा खर्च त्यांनी बचतीतून भरला, म्हणून तो या हिशेबाबाहेर ठेवला आहे.

विक्रेता जो दर सांगतो तो कर्ज देणाऱ्या संस्थेचाच असतो असे नाही. संस्था विक्रेत्याला एक दर कळवते, विक्रेता त्यावर स्वतःची भर घालतो आणि त्या फरकाचा मोठा वाटा त्याला मिळतो. कागदावर हे कोठेही दिसत नाही. ग्राहकाला फक्त मासिक हप्ता दाखवला जातो, आणि हप्ता कमी दिसावा म्हणून मुदत पाचाची सहा वर्षे करणे हा नेहमीचा डाव असतो.

क्रेडिट युनियनच्या कर्ज अधिकाऱ्याने नोकरीचे पत्र, तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि व्हिसाचा मंजुरीचा कागद मागितला. व्हिसाची मुदत २०११ पर्यंतच होती आणि कर्ज २०१४ पर्यंत चालणार होते. येथे बऱ्याच वित्तसंस्था हात आखडता घेतात किंवा कर्जाची मुदत व्हिसाच्या मुदतीपुरती मर्यादित करतात. एच-वन-बी सहसा तीन वर्षांचा असतो व आणखी तीन वर्षे वाढवता येतो, आणि ग्रीन कार्डाच्या अर्जाचा एक ठरावीक टप्पा पार झाला की त्यापुढेही वाढ मिळते, हे मालकाच्या पत्रात स्पष्ट लिहून आणल्यावर अधिकाऱ्याने पूर्ण पाच वर्षांना मंजुरी दिली. दर होता साडेपाच टक्के. ज्याच्याकडे जाऊन बोलता येते असा माणूस समोर असणे हा या संस्थांचा गुण म्हणून सांगितला जातो. तो प्रत्येक क्रेडिट युनियनमध्ये आढळतोच असे नाही, पण येथे आढळला.

१७,८०० डॉलरवर साठ महिने साडेपाच टक्क्यांनी हप्ता ३४० डॉलर पडतो आणि एकूण व्याज सुमारे २,६००. साडेआठ टक्क्यांनी हप्ता ३६५ डॉलर २० सेंट आणि व्याज सुमारे ४,११२. फरक १,५१२ डॉलर. म्हणजे स्टिकरवरून पुरवठादार दराने जेवढी रक्कम कमी होणार होती, तेवढीच रक्कम व्याजात वाचली, आणि तिची जाहिरात कोणी केली नव्हती. क्रेडिट युनियनचा मंजुरीचा कागद टेबलावर ठेवताच विक्रेत्याचा दर साडेआठवरून ६.९ टक्क्यांवर आला, यावरून त्या साडेआठात किती हवा होती तेही समजले.

पतीच्या मनात एक शंका उरली होती. उत्तम पत असलेल्यांना कारखानदार रोख सुटीऐवजी १.९ टक्के दराने कर्ज देत होता. तो दर मिळवण्यासाठी सहकर्जदार शोधावा का? हिशेब मांडला तर १.९ टक्के घेताना १,५०० ची सूट सोडावी लागत होती, म्हणून कर्ज १९,३०० चे झाले असते. हप्ता ३३७ डॉलर ४४ सेंट आणि साठ महिन्यांत एकूण भरणा २०,२४६ डॉलर. क्रेडिट युनियनच्या वाटेने एकूण भरणा २०,४००. पाच वर्षांत जेमतेम दीडशे डॉलरचा फरक, आणि त्यासाठी एखाद्या स्नेह्याला आपल्या कर्जात सही करायला लावायची. त्यांनी तो विचार सोडून दिला, ते बरे केले. जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेल्या दराच्या मागे सोडून द्यावी लागणारी सूट असते, ती जमेस धरल्याशिवाय दोन दरांची तुलना होऊच शकत नाही.

कर्ज अधिकाऱ्याने गाडी पूर्ण नष्ट झाल्यास विम्याची रक्कम आणि उरलेले कर्ज यांतील तफावत भरून देणाऱ्या गॅप संरक्षणाचीही चौकशी केली. तेच संरक्षण शोरूममध्ये जवळपास दुप्पट किमतीला सांगितले गेले होते. रोख रक्कम थोडीच भरली असल्यामुळे त्यांनी ते क्रेडिट युनियनकडून घेतले. वाढीव हमी मात्र दोन्हीकडे नाकारली.

व्यवहारानंतर

२९ मे रोजी त्यांनी क्रेडिट युनियनचा धनादेश देऊन दुसऱ्या विक्रेत्याकडून गाडी घेतली. १ जून रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला आणि १० जुलै रोजी नवी कंपनी त्यातून बाहेर पडली. हमीच्या कामात कधी खंड पडला नाही. जुलैच्या अखेरीस जुन्या गाड्यांच्या बदल्यात साडेतीन ते साडेचार हजार डॉलर देणारी सरकारी योजना सुरू झाली, तेव्हा आपण घाई केली की काय असे पतीला वाटले. पण त्या योजनेसाठी जुनी गाडी गॅलनला अठरा मैल किंवा त्याहून कमी धावणारी असावी लागे. कोरोला त्याहून कितीतरी काटकसरी होती. काटकसरी गाडी बाळगल्याची शिक्षाच म्हणायची.

क्रेडिट युनियन आणि मोटार कंपन्या यांच्यातील योजनांचे स्वरूप पुढील वर्षांत बदलत गेले. ठरलेल्या दराऐवजी कधी ठरावीक रकमेची सूट आली, आणि अनेक क्रेडिट युनियनांनी ट्रूकारसारख्या कंपन्यांच्या साहाय्याने सभासदांना आधीच भाव दाखवणारी सेवा सुरू केली. त्या सेवेतही विक्रेता सहभागासाठी शुल्क देतो, त्यामुळे तेथे दिसणाऱ्या भावालाही दुसऱ्या शोरूममधील भावाशी ताडून पाहण्याची गरज असते. सदस्यत्व मात्र टिकते. पत्ता बदलला, नोकरी बदलली, काउंटी सोडली तरी पाच डॉलरचा भाग शाबूत असेपर्यंत सभासदाला सहसा काढले जात नाही.

या कुटुंबाने २०१२ च्या उन्हाळ्यात, छत्तीस हप्ते भरून झाल्यावर, उरलेले सुमारे ७,७१० डॉलर एकदम भरून कर्ज संपवले. संघीय सनदेच्या क्रेडिट युनियनांना मुदतपूर्व फेडीसाठी दंड आकारण्यास कायद्यानेच मनाई आहे, आणि त्यांच्या करारातही तसा दंड नव्हता. एकूण भरणा १९,९५० डॉलरच्या आसपास झाला. सूट सोडून १.९ टक्के घेतले असते आणि तेही त्याच महिन्यात फेडले असते, तर सुमारे २०,०९० भरावे लागले असते.